आधी पाय, मग कोट

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघं आणि आमची अकरा वर्षांची मुलगी सहा दिवसांसाठी एका डोंगरी शहरात जाणार आहोत. शहराची उंची साधारण 2200 मीटर आहे. ट्रेकिंग वगैरे काही नाही, शहरातच हिंडायचं आहे. बर्फ मिळेल असं सगळे म्हणतात. प्रत्येकासाठी एक जाड लोकरी कोट, दोन स्वेटर, दोन जीन्स आणि सुती बनियन काढून ठेवले आहेत. बॅगा आत्ताच भरल्या. काय कमी करू? काही राहिलंय का?

उत्तर : तुमच्या यादीत बूट आणि मोजे नाहीत. म्हणून पायांपासूनच सुरुवात करते.

मी बरीच वर्षं हिवाळ्यात पर्यटकांबरोबर अशा शहरांत हिंडले आहे. भर दुपारी ‘आता थंडी सोसवत नाही, परत जाऊ’ असं कुणी म्हणालं की मी आधी त्यांचे मोजे चाचपून बघते. बहुतेक वेळा ते ओले असतात. शहरातला बर्फ फार वेळ पांढरा राहत नाही. माणसांच्या नि गाड्यांच्या वर्दळीनं दुपारपर्यंत त्याचा राखाडी चिखल होतो, रात्री तोच गोठतो आणि सकाळी रस्ता काचेसारखा निसरडा होतो. कापडी किंवा जाळीचे बूट त्या चिखलात बघता बघता भिजतात. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, तळाला खोल खाचा असलेले बूट घ्या. खरेदीला जाताना जाड मोजे न्या आणि ते घालूनच माप बघा. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. बूट आवळला तर रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. म्हणून दोन मोजे एकावर एक चढवू नका, लोकरीचा एकच जाड मोजा घाला. नवे बूट निघण्याआधी आठवडाभर तरी वापरून पायात बसवा.

एकदा आमच्याबरोबर तुमच्या मुलीएवढीच एक मुलगी होती. ती चौकातल्या बाकावर बसून रडायला लागली. पोट दुखतं म्हणाली. बूट काढले, मोजा पिळला तर पाणी गळलं. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. पाय पुसले, माझ्या हातांत धरून ठेवले आणि माझ्या पिशवीतले कोरडे मोजे चढवले. ते तिच्या गुडघ्यापर्यंत आले. ओल्या बुटांत पाय पुन्हा भिजू नयेत म्हणून मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या. दहा मिनिटांत पोटदुखी गेली. तेव्हापासून रोजच्या पिशवीत प्रत्येकाची एक कोरडी मोज्यांची जोडी असल्याशिवाय मी कुणाला बाहेर पडू देत नाही. तुम्हीही पडू नका.

आता कोट. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे समुद्रकाठच्या मानानं तिथं सुमारे 14 अंशांचा फरक पडेल. तरी एका जाड कोटावर भिस्त ठेवू नका. डोंगरी शहर म्हणजे चढ-उतार. चढावर त्या कोटात घाम येतो, वर पोचून उभं राहिलं की तोच घाम अंगावर गार होतो. शिवाय दिवसातून दहा वेळा उबदार खोलीत, गाडीत, दुकानात शिरणं असतंच. म्हणून एकेक काढता-घालता येतील असे तीन थर हवेत : अंगालगत थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, आणि वर वारा-पाणी अडवणारं, हूड असलेलं, कमरेखाली येणारं जॅकेट. ते एवढं सैल हवं की आत स्वेटर घालून हात वर करता यावेत. सुती बनियन घरीच ठेवा; सूत घाम शोषून तसंच ओलं राहतं. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब देते.

जीन्स एकच, तीही प्रवासापुरती. तिचा काठ चिखलात भिजला की ओल पोटरीपर्यंत चढते आणि रात्रभरात वाळत नाही. थर्मलवर पटकन वाळणारी पँट घाला. थर्मल माणशी दोन पुरेत, एक अंगावर नि एक धुतलेलं. दुसरा स्वेटर काढून टाका. बूट नि जॅकेट प्रवासात अंगावरच ठेवलंत की बॅग निम्मी होईल.

मुलीसाठी हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्या, त्यातली एक पाणी न शिरणारी. ती बर्फाचे गोळे करणारच, आणि तिला कुणी अडवू नये. कान झाकणारी टोपी तिघांना हवी.

ऊन मात्र विसरू नका. उंची हजार मीटरनं वाढली की अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली नि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. गॉगल मुलीलाही घ्या. ओठांना लिप बाम.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात बर्फात फोटो काढताना माझा फोन 40 टक्के चार्ज असताना बंद पडला. फोन बिघडलाय का?

उत्तर : बहुधा नाही. थंडीत बॅटरी तात्पुरती दुबळी होते, ऊब मिळाली की सावरते. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा आणि फोटोपुरता बाहेर काढा. विमानानं जात असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इन बॅगेत ती चालत नाही. कॅमेरा असेल तर उबदार खोलीत शिरण्याआधी तो बॅगेत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं.