बी.एड.च्या दोन वर्षांचा खर्च शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जातून भागवता येईल का?

इतिहास विषयात बी.ए. झाले आहे, वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहून बी.एड. करायचे आहे, तर त्यासाठी कोणती शिष्यवृत्ती मिळेल आणि कर्ज कितपत काढावे, असे आपण विचारले आहे. मी जवळजवळ अशाच घरातून येऊन 2018 ते 2020 या काळात बी.एड. केले असून सध्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणारा शिक्षक, म्हणून मराठी शिकवतो. त्यामुळे नियमांबरोबरच त्या दोन वर्षांत खिशातून प्रत्यक्ष काय गेले, तेही सांगू शकेन. माझा अनुभव असा की, शुल्काचा मोठा भाग शासनाकडून मिळतो, परंतु ती रक्कम प्रवेशाच्या दिवशी हातात नसते, आणि ती मिळणार की नाही हे बहुतांशी महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधीच ठरून गेलेले असते.

ते ठरते प्रवेशाच्या मार्गावरून. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची बी.एड. सीईटी देऊन, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे ‘कॅप’च्या फेरीतून जागा मिळाली, तरच शुल्काच्या सवलतींचा लाभ मिळतो. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेवर प्रवेश घेतला, तर त्याच वर्गात, त्याच बाकावर बसूनही पूर्ण शुल्क स्वतःच भरावे लागते. दरवर्षी काही मुलेमुली घराजवळचे महाविद्यालय हवे म्हणून किंवा कोणी ‘फेरीची वाट कशाला पाहता, आजच प्रवेश देतो’ असे सांगितले म्हणून हा मार्ग धरतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसल्यावर त्यांना चूक कळते. म्हणून कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना शासकीय अध्यापक महाविद्यालये आणि अनुदानित महाविद्यालये आधी टाकावीत, कारण तेथील शुल्क विनाअनुदानित संस्थांच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. मुंबईचे 1906 साली स्थापन झालेले माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय हे शासकीय, तर पुण्याचे टिळक शिक्षण महाविद्यालय हे अनुदानित महाविद्यालयाचे जुने उदाहरण आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. त्याहून अधिक रक्कम कोणी मागितल्यास ती देऊ नये, आणि जी रक्कम द्याल तिची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

आता सवलतींविषयी. आपण प्रवर्ग कळवलेला नाही, म्हणून सर्वच शक्यता सांगतो. हे सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करावे लागतात. खुल्या प्रवर्गातील आणि 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा 50 टक्के भार शासन उचलते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो, त्यामुळे थोरल्या भावंडांनी तो आधी घेतला आहे का, हे घरात विचारून ठेवा. मी याच योजनेत होतो. मुलींसाठी मात्र 2024-25 पासून चित्र बरेच बदलले आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 50 ऐवजी 100 टक्के सवलत मिळते. बी.एड. हा व्यावसायिक अभ्यासक्रमच आहे. आपण मुलगी असाल आणि खुल्या प्रवर्गात मोडत असाल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढण्यासाठी तहसील कार्यालयात दोन खेपा घालाव्या लागल्या तरी त्या वाया जाणार नाहीत.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना 8 लाखांच्या मर्यादेत शिक्षण शुल्क पूर्ण, तर इतर मागास प्रवर्गातील मुलांना निम्मे मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यात शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो, आणि उत्पन्न त्याहून अधिक असले तरी शुल्कमाफी, म्हणजे बोलीभाषेतील फ्रीशिप, मिळू शकते. अनुसूचित जमातींसाठीही अशीच व्यवस्था आहे. याच ठिकाणी एक बारकावा सांगतो, कारण बी.एड.च्या वर्गात विवाहित विद्यार्थिनींची संख्या मोठी असते आणि त्यांचे अर्ज नेमके इथे अडतात: भारत सरकार शिष्यवृत्तीच्या नियमांत नोकरी नसलेल्या विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरले जाते. वडिलांच्या नावाचा दाखला जोडून बसलेल्या अर्जदारांना तो पुन्हा काढावा लागतो. शिवाय या शिष्यवृत्तीतील केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते, त्यामुळे ती रक्कम आपली समजून खर्च करून बसू नये.

‘100 टक्के’ हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. ती सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. विकास शुल्क, अनामत, गणवेश, ओळखपत्र हे सगळे वेगळे. त्याखेरीज बी.एड.चा असा एक खर्च असतो, जो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. सूक्ष्म अध्यापनापासून, म्हणजे थोड्या वेळाच्या छोट्या सराव पाठांपासून, पाठ सुरू झाले की प्रत्येक पाठासाठी टाचण, तक्ते, चित्रे, प्रतिकृती असे शैक्षणिक साहित्य लागते, आणि निरीक्षक प्राध्यापक मागे बसलेले असताना जुनाच तक्ता पुन्हा लावण्याचा धीर सहसा कोणाला होत नाही. कार्डशीट, स्केचपेन, झेरॉक्स आणि अहवालांची बांधणी यांवर पहिल्या सत्रात इतके पैसे गेले की, मी दुसऱ्या सत्रापासून जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर तक्ते काढू लागलो. (त्याबद्दल मला टाकाऊतून टिकाऊ म्हणून शाबासकी मिळाली, खरे कारण मी सांगितले नाही.)

याहून मोठा खर्च म्हणजे बुडालेली कमाई. 2015-16 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार एकूण 20 आठवडे शाळेत आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, करावी लागते, तात्त्विक आणि प्रात्यक्षिक कामाला 80 टक्के, तर आंतरवासितेला 90 टक्के उपस्थिती लागते. दिवसा नोकरी आणि जमेल तसे महाविद्यालय हा बेत त्यामुळे चालत नाही, आणि उपस्थिती घसरली तर शिष्यवृत्तीही अडचणीत येते. संध्याकाळच्या शिकवण्या तेवढ्या जमतात. मी आठवीच्या चार मुलांना शिकवत असे आणि त्यातून मेसचे पैसे निघत. काही विद्यापीठे आणि संस्थांमध्ये ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ती असेल तर संकोच न करता नाव नोंदवावे.

राहण्याच्या खर्चासाठी स्वतंत्र योजना आहेत आणि आपल्या बाबतीत त्याच महत्त्वाच्या ठरतील. शाहू महाराज योजनेला पात्र असलेल्यांपैकी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतून वाढीव दराने रक्कम मिळते. त्यासाठी तलाठी व तहसील कार्यालयातून अल्पभूधारक असल्याचा दाखला आणि वसतिगृहाचे प्रमाणपत्र किंवा घरमालकाशी केलेला करार लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजार, इतर महापालिका क्षेत्रांत 51 हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. महाविद्यालयाच्या कार्यालयात शुल्काच्या शिष्यवृत्तीची चौकशी सगळेच करतात, या भत्त्यांची फारच थोडे जण करतात.

माझा निर्वाह भत्ता मंजूर झाल्याचे पोर्टलवर दिसत होते, पण खात्यात रुपयाही नव्हता. चार महिने मी कार्यालयातल्या लिपिकांना दोष देत राहिलो आणि मामांकडून हातउसने घेऊन खोलीचे भाडे भरले. शेवटी कळले की, अशी रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही. ज्या खात्याला आधार क्रमांक सर्वांत शेवटी जोडला गेला असेल, त्या खात्यावर ती जाते, आणि माझा आधार अकरावीत असताना गावातल्या बँकेत उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्याला जोडलेला होता. पैसे तिथे सुखाने पडून होते. मामांना ते परत केले तेव्हा त्यांनी विचारले, ‘बी.एड.ला हे शिकवत नाहीत का?’

दाखल्यांचे सांगायचे तर उत्पन्नाचा दाखला मागील आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिल उजाडताच तो काढावा. अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर यांपैकी जे लागू असेल, ते सीईटीच्या निकालाची वाट न पाहता मार्गी लावावे. जात वैधतेला सर्वाधिक वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, हे विसरणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

कर्जाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष एवढ्या मुदतीचे व्याज शासन भरते, परंतु त्यासाठी महाविद्यालयाला नॅकसारख्या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचे मूल्यांकन असावे लागते आणि पुष्कळ अध्यापक महाविद्यालयांना ते नसते. महाविद्यालयाला ते मूल्यांकन आहे का, हे पाहूनच पसंतीक्रम भरा. कर्ज मिळणे मात्र तुलनेने सोपे आहे, ते फेडायचे कशातून हा खरा प्रश्न. दीड लाखाचे कर्ज 10 टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 3,200 रुपये येतो. माध्यमिक शाळेत लागलेल्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे महिना 18 हजार रुपये मानधन असते, सहावी ते आठवीसाठी 16 हजार. त्यात हा हप्ता बसतो, पण घरी पाठवायला फारसे उरत नाही.

तीही नोकरी लगेच लागेल असे गृहीत धरू नका. शिक्षक भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी 2017 च्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतर थेट 2023 मध्ये. मी 2020 साली बी.एड. होऊन पवित्र या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलमार्फत 2024 मध्ये रुजू झालो, मधली चार वर्षे खासगी शाळेत आणि शिकवणी वर्गांत काढली. मी बँकेचे कर्ज घेतले असते, तर हप्ते न भरण्याच्या सवलतीचा काळ संपून 2021 पासूनच हप्ते सुरू झाले असते. शिवाय ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अपात्र ठरवले आहे, त्यामुळे प्राथमिक शाळेतली नोकरी हिशेबात धरूच नये. म्हणून शुल्काची सवलत पक्की असेल, तर कर्ज फक्त राहण्या-जेवण्याच्या तुटीपुरते आणि एक लाखाच्या आतच काढावे, असे मला वाटते. सवलतच नसेल, तर पूर्ण शुल्क कर्जाने भरण्यापेक्षा एक वर्ष थांबून सीईटीत चांगले गुण मिळवणे आणि शासकीय किंवा अनुदानित जागा मिळवणे स्वस्त पडते.

एका वर्षात, घरबसल्या, उपस्थितीशिवाय बी.एड. करून देणाऱ्या जाहिरातींकडे मात्र फिरकू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ बी.एड. अभ्यासक्रम खरा आहे, पण तो सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे, आपल्याला तो लागू होत नाही.

आपला प्रवर्ग, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आणि कोणत्या जिल्ह्यात शिकायचे आहे एवढे कळवल्यास नेमकी कोणती योजना आपल्याला अधिक फायद्याची, ते सांगता येईल. तोपर्यंत बँकेत जाऊन आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेला आहे, तेवढे पाहून या.