सिझेरियन आणि बाळाचा मेंदू

प्रश्न : माझं बाळ सिझेरियननं झालं. अशा मुलांत स्वमग्नता (ऑटिझम) जास्त आढळते, हे खरं का?

उत्तर : आकडेवारीत थोडी वाढ दिसते. पण स्वीडनमधल्या सुमारे 27 लाख मुलांच्या 2015च्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे कारण शस्त्रक्रियेपेक्षा आनुवंशिकतेत किंवा घरच्या परिस्थितीत असावं. स्वतःला अजिबात दोष देऊ नका. सिझेरियननं झालेल्या बाळाच्या आतड्यांतले जिवाणू सुरुवातीला नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांपेक्षा वेगळे असतात खरे. स्तनपानानं ती तफावत कमी होत जाते. ते जिवाणू मिळावेत म्हणून आईचा योनीस्राव बाळाच्या अंगाला लावण्याचा प्रयोग मात्र मुळीच नको, जंतुसंसर्ग होऊ शकतो. वर्षाचं झाल्यावरही बाळ नावाला ओ देत नसेल, बोट दाखवत नसेल, तर श्रवणचाचणी आणि विकासतपासणी लगेच करून घ्या. पुढचं सिझेरियन नियोजित असेल आणि वैद्यकीय निकड नसेल, तर 39 आठवडे भरू द्या.