वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची गोळी, पानावरची गोळी

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालेला, इंदूरच्या सुदामानगरात राहणारा वाचक आहे. युद्ध आणि हेरगिरीच्या थरारक कादंबऱ्यांचा मला तरुणपणापासून नाद. खजुरी बाजारातून वेळोवेळी आणलेल्या मराठी अनुवादांनी घरातले एक कपाट भरले आहे. नातू दहावीत आहे आणि मोबाईलवर बंदुकांचे खेळ खेळतो. मी त्याला टोकले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या पुस्तकांतही माणसेच मरतात की!" मला उत्तर सुचले नाही. या दोन्हींत खरोखर काही फरक आहे, की हा माझ्या वयाचा हट्ट आहे?

उत्तर : सूनबाईंनी नेमके बोट ठेवले आहे. केवळ मृतांची मोजदाद केली, तर आपले कपाट नातवाच्या मोबाईलपेक्षा फार सोवळे ठरणार नाही. फरक आहे; मात्र तो रक्तपातात नसून, मरण आणि वेळ या दोन गोष्टींशी खेळ कसा वागतो आणि कादंबरी कशी वागते, यात आहे.

हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी रामबागेत शेजारच्या मुलाजवळ एक संध्याकाळ बसलो. खेळ हल्लीचा नेहमीचाच होता : शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, रिकाम्या घरांतून शस्त्रे गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते आणि शेवटी एक चमू उरतो. मुलाचे दोन अंगठे आणि दोन्ही तर्जन्या पडद्यावर होत्या, कानांत इयरफोन होते. "काका, वरच्या मजल्यावर कोणीतरी आहे," तो म्हणाला. मला घरातल्या पंख्याखेरीज काही ऐकू येईना. त्याने एक इयरफोन माझ्या कानात घातला, तेव्हा लाकडी फळ्यांवरची पावले स्पष्ट ऐकू आली. त्याने सोबत्यांना दोन शब्दांत दिशा सांगितली, तो खिडकीखाली सरकला, आणि इतके करूनही मागच्या दाराने आलेल्या भलत्याच कोणीतरी त्याला टिपले. मी हळहळत होतो, तोवर त्याने पुढच्या सामन्याचे बटण दाबलेही होते, आणि मिनिटभरात स्वारी पुन्हा विमानात बसलेली होती.

या प्रकाराचे बळ आणि उणीव, दोन्ही त्या मिनिटात सापडतात. बळ आहे ते अवधानाचे. वेगवान अ‍ॅक्शन खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान न खेळणाऱ्यांपेक्षा सरस आढळल्याचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झाला होता, आणि त्या मुलाजवळ बसल्यावर मला त्याचे नवल वाटले नाही. शिवाय तीन सोबत्यांशी मोजक्या शब्दांत बोलणे, कोणी कुठली बाजू धरायची हे क्षणात ठरवणे, ही कौशल्ये खोटी नाहीत. उणीव अशी की, मरणाची किंमत शून्य आहे. आडोशाला काही सेकंद दबा धरला की जखम आपोआप भरून येते, ही सोय अनेक युद्धखेळांत रूढ झाली आहे, आणि त्यामागचे कारण व्यवहारी आहे : खेळणारा अर्धमेल्या अवस्थेत अडकून पडला, तर तो कंटाळून खेळ बंद करील. युद्धात मात्र कंटाळाच फार असतो. पहारा, चिखल, न आलेली पत्रे आणि न आलेला शिधा. खेळाला हे दाखवणे परवडत नाही.

कादंबरीला परवडते, आणि चांगली थरारकथा त्यावरच जगते. फ्रेडरिक फोर्सिथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली आली. तिच्यात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येचा कट आहे. द गॉल १९७० च्या नोव्हेंबरमध्ये घरीच निवर्तले होते, म्हणजे कट फसणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. याचे कारण कार्यपद्धती. मारेकरी बालपणीच वारलेल्या एका मुलाच्या जन्मनोंदीवरून पासपोर्ट मिळवतो, बंदूक खास बनवून घेतो, ती लपवण्याची युक्ती शोधतो, आणि दुसरीकडे एक साधा, घरी बायकोचा धाक असलेला पोलीस अधिकारी टेलिफोन आणि नोंदवह्या यांच्या जोरावर त्याचा माग काढतो. एखादी घटना किती क्षुल्लक दुव्यांवर टांगलेली असते, हे खेळ इतक्या सविस्तर दाखवत नाही, कारण खेळणाऱ्याचे बोट तोवर थांबत नाही.

पण आपल्या कपाटाचेही दोष आहेत. पहिला हा की, तपशिलाच्या रेलचेलीने वाचकाला आपण जाणकार झालो असे वाटू लागते. पाणबुडीच्या आवाजाबद्दल चाळीस पाने वाचणाऱ्या माणसाला नौदल कळले असे होत नाही. (हा आजार मला स्वतःला काही वर्षे होता, आणि घरच्यांना त्याचा बराच त्रास झाला.) दुसरा दोष अधिक गंभीर आहे. या कादंबऱ्यांना शत्रू लागतो, आणि तो बहुधा त्या-त्या दशकाच्या वर्तमानपत्रातून उचललेला असतो. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला, तेव्हा कितीतरी लेखकांचे खलनायक एका रात्रीत बेकार झाले. अशा पुस्तकात एक अख्खा देश चेहरा नसलेली माणसे बनून समोर येतो. खेळातही हेच घडते, पण खेळ निदान इतिहास समजावून सांगण्याचा आव कमी आणतो.

एक गोष्ट मात्र खेळ करू शकतो आणि कादंबरीला ती साधणे कठीण जाते. 'कॉल ऑफ ड्यूटी ४' या २००७ सालच्या खेळात एका प्रसंगी खेळणारा उंचावर घिरट्या घालणाऱ्या विमानातला तोफची असतो. खाली करड्या पडद्यावर पांढरे ठिपके पळतात, कानात सहकाऱ्यांचे शांत, जवळजवळ कंटाळलेले आवाज येतात, आणि आपण बटण दाबत जातो. हे किती सोपे आहे, याची शिसारी खेळणाऱ्याला स्वतःची येते, कारण कृती त्याची असते. कादंबरीत आपण फार तर साक्षीदार असतो.

नातू हिंसक होईल का, ही भीती आपण लिहिली नाही, पण ती प्रश्नामागे असावी. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली स्पष्ट केले की, प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकतेशी थोडा संबंध मात्र तिने मान्य केला. वेळेचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. कादंबरीला शेवटचे पान असते. या खेळांना ते मुद्दामच ठेवलेले नसते. तेव्हा टोकायचेच असेल, तर बंदुकीवरून टोकू नये, घड्याळावरून टोकावे, आणि त्याआधी एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसावे. त्याबदल्यात त्याला कपाटातले एखादे पुस्तक देता येईल. सौदा म्हणून देऊ नये, उगीच दिल्यासारखे द्यावे.

प्रश्न : मी महू येथे अकरावीत शिकतो. दुसऱ्या महायुद्धाचे खेळ खेळून मला त्या युद्धाचा इतिहास आणि बऱ्याच बंदुकांची नावे पाठ झाली आहेत. मला सैन्यात जायचे आहे. या ज्ञानाचा उपयोग होईल का?

उत्तर : नावांचा थोडा होईल, नेमबाजीचा जवळजवळ नाही. तुझ्याच गावात सैन्याचे नेमबाजी पथक आहे, आणि तिथे घडलेल्या विजयकुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत हात खाली झुकवलेल्या स्थितीतून उचलून पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात, आणि अखेरच्या फेरीत त्यासाठी चारच सेकंद मिळतात. श्वास, खांदा, मनगट, कालची झोप, सगळे त्या चार सेकंदांत उतरते. मोबाईलवर बंदुकीचा धक्का अंगठा खाली ओढून आवरता येतो. चार किलोंच्या आसपासची रायफल तासभर पेललेला खांदा तसा आवरत नाही.

इतिहासाबद्दल एक गोष्ट तपासून पाहा. तू खेळलेल्या मोहिमांत भारतीय सैनिक किती वेळा दिसला? त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले, मग एकट्याने परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभे राहून रणगर्जना करीत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. हे खेळ मुख्यतः अमेरिकन, ब्रिटिश आणि रशियन बाजूने रचलेले असतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक तिकडचे आहे. तेवढे लक्षात ठेवून खुशाल खेळ. जमल्यास 'धिस वॉर ऑफ माइन' हा २०१४ चा पोलिश खेळही खेळून पाहा. त्यात तू सैनिक नसतोस, वेढलेल्या शहरातला उपाशी नागरिक असतोस. बोस्नियातल्या युद्धात साराएव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला, आणि पोलंडच्या सरकारने २०२० साली माध्यमिक विद्यार्थ्यांच्या शिफारस-यादीत पुस्तकांच्या पंगतीला त्याला बसवले.

प्रश्न : मी टिळकनगरात राहणारी गृहिणी असून महूच्या पार्श्वभूमीवर युद्ध-थरारकथा लिहीत आहे. पहिले प्रकरण सोबत पाठवत आहे. दोष सांगावेत.

उत्तर : आपला खलनायक पाच पानांत सतरा वेळा हसतो आणि एकदाही जेवत नाही, त्याला घर, भूक आणि एखादी रास्त तक्रार द्यावी. बंदुकीचे वर्णन दीड पान आहे, ते चार ओळींत बसेल. छावणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचा परिच्छेद मात्र उत्तम उतरला आहे. पहाटे तीनला त्याला घरच्या म्हशीची आठवण येते, तो भाग वाढवावा. शेवटी एक तातडीची दुरुस्ती : आपला नायक राजवाड्याहून ऐन संध्याकाळी मोटारीने निघून दहा मिनिटांत महूला पोचतो. अंतर वीस किलोमीटरच्या वर आहे, आणि आपले वाचक त्या रस्त्याने रोज जातात.