घरात रांगतं बाळ आहे, अंगणात विंचू, गांधीलमाश्या आणि डास आहेत, औषध न फवारता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांसाठी रत्नागिरीकडे गावच्या घरी आलाय, बाळ दहा महिन्यांचं आहे, आठवड्यात दोन विंचू निघाले, पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं लागलंय, संध्याकाळी डास बसू देत नाहीत आणि पोर ज्या अंगणात रांगणार तिथे फवारणी नकोय. माझं सासर चिपळूणकडे आहे, जांभ्याचं जुनं घर, माझी दोन्ही मुलं त्याच अंगणात रांगली म्हणून सविस्तर लिहिते.

आधी विंचू, कारण बाळाला खरा धोका त्याचाच आहे. झेंडू लावा, तुळस लावा, लसूण ठेवा असं सगळे सांगतील, आम्ही सगळं करून पाहिलं, त्याने विंचू थांबत नाही. त्याला दिवसा लपायला अंधारी फट लागते आणि रात्री खायला झुरळं, रातकिडे लागतात, या दोन गोष्टी घराजवळ मिळाल्या की तो राहणारच. आमच्याकडे न्हाणीघराच्या भिंतीला टेकून सरपण रचलेलं असायचं आणि शेजारी नारळाची सोडणं आणि झावळ्यांचा ढीग. एकदा मे महिन्यात मी काठीने एक झावळी उलटली तर खाली तांबूस विंचवीण, आणि तिच्या पाठीवर पांढुरकी पिल्लं तांदळाच्या दाण्यांसारखी दाटीने बसलेली. न्हाणीघराच्या दारापासून ती जागा फार तर चार पावलं. त्याच दिवशी सगळा ढीग घरापासून लांब गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे नेला आणि सरपण जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर फळ्या टाकून वीतभर उंच रचलं, म्हणजे खालून उजेड दिसतो आणि झाडूही फिरतो.

हे काम पावसाच्या आधीच करा, मृग लागला की बिळांत पाणी जातं आणि विंचू कोरड्या जागेसाठी घराकडे सरकतात. भिंतीला लागून पातेरा (वाळका पालापाचोळा), चिरे, जुनी कौलं काही नको, हातभर पट्टा मोकळा झाडलेला ठेवायचा. जोत्याच्या आणि उंबऱ्याखालच्या फटी सिमेंटने बुजवून घ्या. आणि एक उपाय जो मला सगळ्यात जास्त पटलाय, गुळगुळीत चकचकीत टाइलवर विंचवाला चढता येत नाही, त्याचे पाय घसरतात, म्हणून ओट्याच्या बाहेरच्या बाजूला खालपासून टाइलची एक सलग ओळ लावायची. पायऱ्यांच्या बाजूलाही लावा, आम्ही ती विसरलो होतो आणि नेमका तिथूनच वर आला.

नोटा तपासायला जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च मिळतो ना तो एक घ्या, फार महाग नसतो. रात्री सगळे दिवे बंद करून गडग्यावर मारला की विंचू हिरवट निळा चमकतो, अगदी लांबून दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता पण खरं सांगते, कुठे आहेत ते कळल्यावर भीती कमी झाली. लांब चिमटा, काचेची बरणी, आणि पायात बूट, हाताने दगड उचलायचा नाही.

बाळाला कॉटवर, भिंतीपासून वीतभर लांब आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपवा, त्याने डास आणि विंचू दोन्हीचं काम होतं. दुपटी, झबली, चपला झटकल्याशिवाय वापरू नका.

आणि एवढं करूनही चावला तर घरगुती काही करत बसू नका, कांदा चोळणं नाही, बांधणं नाही, मंत्र नाही. बारीक नांग्या आणि जाड शेपटीचा लाल विंचू असेल तर मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, विष हृदयावर जातं. पण लहान मुलाच्या बाबतीत ही लक्षणं दिसायची वाटच बघायची नाही, थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशावर उपचार सुरू केले आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी स्वतः द्यायची नाही, पण उपचार आहे आणि तो वेळेत पोचण्यावर आहे. रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल हे आजच ठरवून ठेवा.

गांधीलमाशीचं पोळं लिंबाएवढं असेल तर तिन्हीसांजेला लांब काठीने पाडता येतं, तळहाताएवढं झालं असेल तर स्वतः हात लावू नका, जाळू तर नकाच, वासे पेटतात. जाणकार माणसाला बोलवा. झाडाखाली पडलेले फणस, आंबे रोज उचला, पिकल्या वासावर त्या येतात. भिंतीवर मातीची घरं करणारी कुंभारीण असते तिला राहू द्या, ती सहसा वाटेला जात नाही. आग्या मोहोळ असेल तर त्याच्याखाली धूर करायचा नाही.

डासांसाठी धुरापेक्षा पाणी बघा. अंडं ते डास हे सात ते दहा दिवसांत होतं म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी भांडी, रांजण, कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करायच्या आणि आतून घासायच्या, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून काही होत नाही. करवंट्या, टायर आणि कापलेल्या बांबूचे खुंट विसरू नका, खुंटात माती भरून टाका. विहिरीत किंवा डोणीत (पाण्याच्या दगडी टाकीत) गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारलं की हिवतापवाले कुठे मिळतील ते सांगतात, फक्त वहाळात, म्हणजे ओढ्यात सोडू नका, तिथले मूळचे मासे संपतात. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आहे तोपर्यंतच डास जातात आणि बाळाच्या छातीला तो चांगला नाही, सासूबाई करायच्या, धाकटीला खोकला लागल्यावर त्यांनीच बंद केला.

कापूर आणि डांबरगोळ्या कोपऱ्यात टाका असं कोणी सांगेल, प्लीज करू नका. रांगतं मूल सापडेल ते तोंडात घालतं, कापूर पोटात गेला तर झटके येतात. नैसर्गिक म्हणून बिनधोक असं नसतं.

मुंग्यांचं थोडक्यात, आंब्यावरच्या लाल ओंबिलीचं घर पाडू नका, त्या झाडावरची कीड खातात. आमच्याकडे त्या बाळाच्या लंगोटात निघायच्या, आठवडाभर कळेना कुठून येतात, मग बघितलं तर कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक आंब्याला बांधलेलं आणि त्यावरून रांग चाललेली. दोरी खांबाला बांधली, प्रश्न मिटला. घराला टेकणाऱ्या फांद्याही छाटा.

पडवीतला पांढरा दिवा काढून पिवळा लावा, किडे कमी येतात आणि किडे कमी म्हणजे विंचवाचं खाणं कमी.

तुमच्या ओट्याचा आणि पायऱ्यांचा फोटो टाकलात तर टाइल कुठून कुठपर्यंत लागेल ते सांगते.