यूट लोक 'भटके' की 'फिरतीवरचे'?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कोलोरॅडो-युटाकडच्या यूट आदिवासींबद्दल भाषांतर करताना 'भटके' लिहू की 'स्थलांतर करणारे'. मी म्हणेन दोन्ही नको.

भटकणं म्हणजे ठावठिकाणा नसताना फिरणं, आणि स्थलांतर म्हटलं की इथलं सोडून तिकडे गेले असं वाटतं. हे लोक ठरल्या वेळी ठरल्या जागी जायचे आणि परत यायचे. वसंतात पहिला गडगडाट झाला की अस्वल जागं होतं, मग 'अस्वलाचा नाच' (म्हणजे लोकांनी मिळून नाचायचा त्यांचा वसंतातला सण). त्याच सुमारास पाँडेरोसा पाइनच्या खोडात रस चढतो, तेव्हा वरची साल काढून आतला गोडसर पापुद्रा खायचा, पण सोलायचं एकाच बाजूने, झाड जगलं पाहिजे ना, तसे व्रण असलेली जुनी झाडं अजून उभी आहेत तिकडे! उन्हाळ्यात उंचावरची कुरणं आणि शिकार, शरदात खाली उतरून पिन्यनच्या बिया वेचायच्या (आपल्या चिलगोज्यासारख्याच), थंडीत नदीकाठच्या आडोशाच्या दऱ्या. याम्पा नावाचा कंद असतो, त्यावरून एका गटालाच याम्पा म्हणायचे, नदीचं नावही तेच.

म्हणून मला 'फिरती' हा शब्द पटतो. फिरतीवर असलेल्या माणसाला घर असतं, रूट ठरलेला असतो, कुठे कधी पोचायचं माहीत असतं. 'ऋतूप्रमाणे फिरती' लिहा, कुणालाही कळेल.

आणि जमिनीबद्दल लिहाल तिथे 'वहिवाट' वापरा, प्लीज. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्पिढ्या ये-जा असली की ती वहिवाट, त्यात हक्क येतो. 'भटके' म्हटलं की तो हक्कच पुसला जातो, आणि तिथे खरंच तसं झालं. १८७९ मध्ये सरकारी एजंट नेथन मीकरने यूटांना शेतकरी करायचं म्हणून त्यांच्या घोड्यांचं कुरण नांगरायला घेतलं, घोडे तिथे चरायचे, शर्यती व्हायच्या, पण त्याच्या लेखी ती पडीक जमीन. त्यातून जी लढाई पेटली त्यात मीकर मारला गेला, आणि १८८१ पर्यंत व्हाइट रिव्हर आणि अनकम्पागरे गटांना कोलोरॅडोतून युटात हलवलं.

अजून एक, 'यूट' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे. ते स्वतःला 'नूचू' म्हणतात, म्हणजे माणसं. लेखात सुरुवातीलाच एकदा येऊ द्या.