प्रायव्हेट फील्डमध्ये डोकावताना

अरे, जावात एका क्लासचं प्रायव्हेट फील्ड, म्हणजे बाहेरच्या कोडपासून लपवलेली किंमत, 'गेटफील्ड'ने वाचायला गेलास आणि ते सापडेना, असं विचारलंस ना? तुझा कोड एका शब्दासाठी अडलाय. जावात 'गेटफील्ड' फक्त पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुलं असलेलं, फील्ड शोधतं. प्रायव्हेट हवं असेल तर 'गेटडिक्लेअर्डफील्ड' वापर. पण तेही त्याच क्लासमध्ये लिहिलेलं फील्डच देतं. तुझा क्लास ज्याच्यावरून बनलाय त्या वरच्या क्लासमधलं फील्ड असेल तर 'गेटसुपरक्लास'ने एकेक पायरी चढत शोधावं लागतं. नवखी मुलं हमखास इथेच अडकतात. फील्ड हाती आलं की आधी 'सेटअ‍ॅक्सेसिबल' ट्रू कर, मगच किंमत वाच.

तुझ्या स्वतःच्या क्लासवर हे चालेल. पण जावाच्या स्वतःच्या 'स्ट्रिंग' क्लासच्या आत डोकावलास तर जावा १७ एक्सेप्शनच फेकेल, म्हणजे चूक दाखवून थांबेल. २०१७ मध्ये जावा ९ सोबत मॉड्यूल, म्हणजे कोडचे बंदिस्त गट, आली, तेव्हा नुसता इशारा मिळायचा. २०२१ च्या जावा १६ पासून दार मुळातच बंद असतं. चालवताना 'अ‍ॅड-ओपन्स' हा पर्याय दिलास तर उघडतं. शिकण्यासाठी जरूर उघडून बघ.

टेस्टसाठी हे करत असशील तर मात्र माझं ऐक, नको करूस. फील्डचं नाव तू नुसता मजकूर म्हणून लिहितोस; उद्या कुणी ते बदललं तर कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा) गप्प बसतो आणि टेस्ट चालवतानाच कोसळते. पब्लिक मेथडमधून काय बाहेर येतं ते तपास. तेवढ्याने भागत नसेल, तर त्या क्लासमध्ये दुसरा क्लास दडलाय का बघ आणि तो वेगळा काढ.