लाल फुल्यांचा नकाशा

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला शिकागोचा नकाशा पाहिला. खोली शोधायला कुणा सीनियरने करून दिलाय म्हणतोस. साउथ साइडवर, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या काळ्यांच्या वस्तीवर, लाल फुल्याच फुल्या, बाजूला ‘इथे नको’. मीही एकेकाळी अगदी असाच नकाशा एका नव्या मुलीला काढून दिला होता, तेव्हा तुला झापायचा मला हक्क नाही. पण त्या लाल रंगाची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. तुला असू दे.

1930च्या दशकात अमेरिकेतल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले. काळी माणसं राहतात ती वस्ती बहुतेक ठिकाणी लाल. लाल म्हणजे इथे कर्ज बुडणार. मग घर घ्यायला कर्ज नाही, डागडुजीलाही नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातला वर्णद्वेषाचा जाच सोडून 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख काळी माणसं बाहेर पडली. त्यांतली कितीतरी शिकागोत उतरली आणि साउथ साइडवरच्या ब्राँझव्हिलच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने राहिली. 1966 साली मार्टिन ल्यूथर किंग या घरांच्या प्रश्नासाठीच शिकागोच्या वेस्ट साइडला भाड्याने राहायला आले. गोऱ्या वस्तीतून मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. घर देताना वंश बघायचा नाही, हा कायदा 1968चा. तोही त्यांचा खून झाल्यावर आठवडाभराने सही झालेला.

पुण्यात आडनाव ऐकून ‘अहो, जागा कालच गेली’ म्हणणारे मालक तू पाहिलेत. जास्त फोड करायला नको.

ब्लॅक कल्चर म्हणजे रॅपच ना, असं विचारलंस. रॅप आहेच रे. मला मात्र ते पहिल्यांदा कळलं भेंडीत. तिकडे माझ्या शेजारच्या आजींचं माहेर दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यातलं. त्या गम्बो, म्हणजे तिकडचा दाट रस्सा, करत होत्या. आपण भेंडी धुऊन, पुसून, आमसूल घालून तिची तार मोडतो. त्यांनी ती तशीच सोडली. रस्सा दाट व्हायला तीच तार हवी. गम्बो हे नावही आफ्रिकी भाषेतल्या भेंडीच्या शब्दावरून आलंय असं मानतात. साखळदंडांत आणलेल्या माणसांची नावं पुसली, भाषा पुसली, आणि भेंडी मात्र पातेल्यात राहिली! रविवारी त्यांच्या चर्चमध्ये गेले तर एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. भजनात वाढलेल्या माणसाचा पाय तिथे आपोआप ठेका धरतो.

आणखी एक. 1965 पर्यंत भारतातून तिकडे स्थायिक व्हायचा कोटा वर्षाला जेमतेम 100 माणसांचा होता. तो नियम बदलला तो नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवल्यावर. तुझे मामा ज्या दारातून आत गेले, ते उघडताना लाठ्या दुसऱ्यांनी खाल्ल्या. ‘काळ्यांचा एरिया’ म्हणून नाक मुरडताना आपल्या लोकांना हे आठवत नाही.

खोली स्वतः जाऊन बघ, एकदा दिवसा, एकदा संध्याकाळी. जिन्यात दिवा आहे का, स्टेशन किती लांब, हीटिंगचे पैसे कोण भरतं, ते विचार. नाही आवडली तर खुशाल दुसरी घे, पण फुली बघून नको. रॅपमधला तो ‘एन’वरचा शब्द, काळ्यांना दिली जाणारी जुनी शिवी, मित्रांतसुद्धा तोंडात घेऊ नकोस. कुणाच्या वेण्यांना हात लावू नकोस, कौतुकानेही.

आमसुलं पाकीटबंद ने. भाडं किती ठरलं ते कळव.

तुझी,
मावशी